विसाव्याचा दिवस कापू नका

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकचं कोणतंही माहितीपत्रक घ्या, त्यात दोन दिवस असे सापडतात ज्यांच्यापुढे नव्या गावाचं नाव नसतं. एक रात्र नामचे बझारला वाढवलेली असते, दुसरी दिंगबोचेला. रजेची जुळवाजुळव करणाऱ्या नोकरदाराची कात्री नेमकी या दोन दिवसांवर चालते, आणि बारा दिवसांचा ट्रेक नऊ-दहा दिवसांत ‘बसवून’ देणारे आयोजकही तिथेच दिवस वाचवतात. पैसे भरून डोंगरात जायचं आणि एका जागी थांबायचं, हे वरवर पाहता पटत नाही. पण या वाटेवरचे सर्वात कामाचे दिवस हेच आहेत, असं माझं ठाम मत आहे. बेस कॅम्पला कोण पोचणार, कसं पोचणार आणि धडपणे परत येणार की नाही, हे पायांच्या ताकदीपेक्षा वाटेत काढलेल्या रात्रींवर जास्त ठरतं. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरहून या वाटेला लागणाऱ्यांची संख्या वाढत असताना ही गोष्ट नीट समजून घेणं गरजेचं झालं आहे.

आधी वाट पाहू. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर आहे. तिथून, किंवा गर्दीच्या हंगामात रामेछापच्या मंथली विमानतळावरून, छोटं विमान सुमारे अर्ध्या तासात लुक्लाला, म्हणजे २,८६० मीटरवर नेऊन सोडतं. पहिल्या दिवशी वाट चक्क उतरते. दूधकोशीच्या काठाने २,६१० मीटरवरच्या फाकदिंगला मुक्काम पडतो. दुसऱ्या दिवशी मोंजोपाशी सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. हे उद्यान १९७६ साली झालं आणि १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पुढे दूधकोशी आणि भोटेकोशीच्या संगमावरचा उंच झुलता पूल ओलांडला की नामचेची खडी चढण सुरू होते आणि संध्याकाळी माणूस ३,४४० मीटरवर असतो. नामचेनंतर ३,८६० मीटरवर तेंगबोचे. १९१६ साली उभा राहिलेला इथला मठ १९३४च्या भूकंपात कोसळला, १९८९ साली आगीत गेला आणि दोन्ही वेळा पुन्हा बांधला गेला. त्यापुढे भूर्ज आणि गुरांसची झाडं मागे पडतात, खोरं रुंद होत जातं आणि दगडी गडग्यांनी आखलेली सातू-बटाट्याची शेतं दिसतात, ते ४,४१० मीटरवरचं दिंगबोचे. मग थुक्लाची चढण, माथ्यावर एव्हरेस्ट परिसरात प्राण गमावलेल्यांची स्मारकं, ४,९४० मीटरवर लोबुचे, खुंबू हिमनदीच्या कडेकडेने ५,१६४ मीटरवर गोरकशेप आणि अखेर हिमनदीवरच ५,३६४ मीटरवर बेस कॅम्प. ज्या शिखरासाठी हा खटाटोप, ते ८,८४८.८६ मीटरचं टोक बेस कॅम्पवरून दिसतच नाही, मधल्या डोंगराआड राहतं. ते पाहायला सुमारे साडेपाच हजार मीटरवरच्या काला पत्थरवर चढावं लागतं.

या उंचीवर नेमकं काय बदलतं? हवेतला प्राणवायू कमी होतो, असं आपण सहज म्हणून जातो, पण त्याचं प्रमाण मुंबईत असो वा बेस कॅम्पवर, सुमारे २१ टक्केच राहतं. कमी होतो तो हवेचा दाब. गाद्यांची चळत रचली तर तळची गादी वरच्या भाराने दबून घट्ट होते आणि सगळ्यात वरची सैल राहते. हवेचंही तसंच आहे. बेस कॅम्पवर हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, म्हणून एका श्वासात येणारा प्राणवायूही निम्माच. शरीर लगेच प्रतिसाद देतं. श्वास जलद होतो, नाडी वाढते. पण जलद श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर उडून जातो, रक्ताचा समतोल अल्कलीकडे झुकतो आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल करण्याचं काम मूत्रपिंडं करतात. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्याला काही दिवस लागतात. उंचीवर पहिल्या दिवसांत वारंवार लघवीला होतं, त्याचं एक कारण हे आहे. तांबड्या पेशी वाढण्याची प्रक्रिया तर आठवड्यांची, ट्रेकच्या मुदतीत ती पूर्ण होत नाही. म्हणजे पहिल्या दहा दिवसांत उंचीची जी सवय होते, ती मुख्यतः श्वास आणि मूत्रपिंडं यांच्या जुळणीतून. ही जुळणी आपल्या गतीने होते, आणि पोटऱ्या कितीही भक्कम असल्या तरी ती गती वाढत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट जाणवतं रात्री. लोबुचेसारख्या ठिकाणी शेजारी झोपलेल्याचा श्वास ऐकला तर नवख्याच्या काळजाचा ठोका चुकेल. चार-सहा श्वास भराभर, मोठे होत जाणारे, मग लहान होत थांबलेले. काही सेकंद पूर्ण शांतता, आणि मग एकदम खोल श्वास घेऊन पुन्हा तेच चक्र. उंचीवरच्या झोपेत हे बहुतेकांना होतं आणि एवढ्यावरून घाबरण्याचं कारण नसतं. पण झोपेत रक्तातला प्राणवायू दिवसापेक्षा खाली जातो, आणि म्हणूनच दिवसा आपण किती उंच चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला महत्त्व येतं. कोविडनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपल्या घरोघरी पोचला आणि ९४च्या खाली आकडा गेला की जीव टांगणीला लागायचा. गोरकशेपला ८०च्या आसपासचा आकडा धडधाकट माणसातही सर्रास दिसतो. तिथे आकड्यापेक्षा लक्षणं बोलकी असतात. डोकेदुखी, अन्नावरची वासना जाणं, मळमळ, चक्कर, विचित्र थकवा ही विरळ हवेच्या आजाराची पहिली पायरी. त्याकडे दुर्लक्ष करून वर जात राहिलं तर दोन जीवघेण्या अवस्था येऊ शकतात. एकीत फुफ्फुसांत पाणी भरतं आणि बसल्या जागीही धाप लागते. दुसरीत मेंदूला सूज येते, माणूस बरळतो, त्याचा तोल जातो. टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगावं, लॉजच्या फरशीवर एवढी साधी परीक्षाही पुरते. जो झोकांड्या खातो त्याला सकाळची वाट न बघता खाली न्यायचं असतं.

हे ज्ञान मोठी किंमत मोजून मिळालेलं आहे. १९५० साली बिल टिलमन आणि चार्ल्स ह्यूस्टन यांची तुकडी खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या खोऱ्यात शिरली, ती तिथे पोचलेली पहिली पाश्चात्त्य मंडळी. यातल्याच डॉ. ह्यूस्टन यांनी १९६० साली उंचीवर फुफ्फुसांत पाणी होण्याच्या आजाराचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. तोवर अशा मृत्यूंवर न्यूमोनियाचा शिक्का बसत असे. त्यानंतरचा मोठा पुरावा भारतीय लष्कराचा आहे. १९६२च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान घाईघाईने ११,००० ते १८,००० फुटांवर पाठवावे लागले. तिथे आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला, आणि या विषयात तो आजही पायाभूत मानला जातो. हे सगळे तरुण, निवड होऊन आलेले, कवायतीने कसलेले होते. आजही लष्कर जवानाला थेट वर धाडत नाही. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० फुटांपर्यंत आणखी चार आणि त्याच्या वर पुन्हा चार, अशी टप्प्याटप्प्याने सवय करून घेण्याची पद्धत आहे. बेस कॅम्प साधारण १७,६०० फुटांवर आहे. सैनिकाला जिथे दोन आठवडे दिले जातात, तिथे आपण आठ दिवसांत जातो आणि त्यातलेही दोन कमी करू पाहतो.

खुद्द या वाटेवरचा पुरावा तर आणखी नेमका आहे. सुमारे ४,२५० मीटरवरच्या फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनने १९७३ साली मदत केंद्र सुरू केलं. हंगामात तिथे डॉक्टर राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उंचीच्या आजाराची माहिती देतात. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी तिथे २७८ ट्रेकरची पाहणी केली आणि १९७६ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्यातल्या ५३ टक्के लोकांना कमी-अधिक त्रास झाला होता. जे विमानाने २,८०० मीटरवर उतरले, जे भराभर चढले, ज्यांनी वाटेत कमी रात्री काढल्या आणि जे वयाने तरुण होते, त्यांच्यात त्रासाचं प्रमाण जास्त होतं. पाठीवरचं ओझं, स्त्री-पुरुष भेद आणि पूर्वीचा उंचीचा अनुभव यांचा मात्र त्याच्याशी संबंध दिसला नाही. लुक्लाची धावपट्टी १९६४ साली एडमंड हिलरींच्या पुढाकाराने बांधली गेली. त्याआधी बहुतेक सगळे चालतच यायचे. १९५३ची जॉन हंट यांची मोहीम दोन आठवड्यांहून अधिक चालून तेंगबोचेला पोचली आणि तिथे आणखी जवळपास तीन आठवडे आसपासच्या शिखरांवर चढ-उतार करत राहिली. विमानाने ती चाल वाचवली, पण त्या चालीत शरीराला मिळणारा वेळही वाचवलेल्यात गेला. नामचे आणि दिंगबोचेचे थांबे म्हणजे त्या वेळेचा उरलेला छोटासा अंश.

तो अंश किती छोटा आहे, हे साध्या बेरजेत कळतं. पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य दंडक असा, की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. आता नेहमीचा कार्यक्रम या मापाने मोजून बघा. फाकदिंग ते नामचे ८३० मीटरची उडी आहे, म्हणून नामचेला दोन रात्री. तेंगबोचे ते दिंगबोचे ५५० मीटर, म्हणजे मर्यादेच्या किंचित वरच, म्हणून तिथे दोन रात्री. दिंगबोचे ते लोबुचे ५३० मीटर. याचा अर्थ विसाव्याचे दोन्ही दिवस धरूनही हा कार्यक्रम दंडकाच्या काठावरच चालतो. त्यात फालतू दिवस एकही नाही. दिंगबोचेचा दिवस वगळला तर तेंगबोचेहून दोनच दिवसांत झोपण्याची उंची १,०८० मीटरने वाढते, तीही अशा पट्ट्यात जिथे पुढे लगेच पाच हजारांच्या वरचा मुक्काम आहे.

शिवाय या दिवसाला विसावा म्हणायचं, पण तो पडून राहण्याचा नसतो. नामचेला सकाळी नाश्ता करून गावामागच्या चढाने स्यांगबोचेच्या पठारावर जायचं असतं. तिथे ३,८८० मीटरवर एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेल आहे. मनात आलं तर खुंजुंग गावात उतरून हिलरींनी १९६१ साली सुरू केलेली शाळा पाहता येते, शेजारच्या खुंदेचं १९६६ सालचं इस्पितळ पाहता येतं, आणि दुपारपर्यंत पुन्हा नामचेला यायचं. दिवसा उंच जायचं, झोपायला खाली यायचं. चढताना शरीराला विरळ हवेची चुणूक मिळते आणि रात्री तुलनेने दाट हवेत जुळणीला सवड मिळते. दिंगबोचेला हेच काम मागचा नांगकरत्सांगचा डोंगर करतो, त्याचा माथा पाच हजार मीटरच्या आसपास आहे. याच दिवसांत खोरं खऱ्या अर्थाने भेटतं. उजव्या हाताला ठेवून ओलांडायच्या मणी-भिंती, शेणाच्या गोवऱ्यांवर तापणारी लॉजमधली शेगडी, बटाट्याच्या वाफ्यांत राबणाऱ्या शेर्पा बाया, हे सगळं धावत्या माणसाच्या नजरेतून सुटतं. आणि ज्या बेस कॅम्पवरून शिखरही दिसत नाही, तिथवरच्या प्रवासाचं मोल खोऱ्यातच असणार, हे उघड आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सह्याद्रीत तयार झालेल्या गड्यांचा. सलग घाटवाटा चढणाऱ्याला, वर्षभर पळण्याचा सराव करणाऱ्याला एवढं जपायची काय गरज? सराव हवाच. दमलेल्या पायांनी चुका होतात आणि रोजची सहा-सात तासांची चाल आनंदाची व्हायची तर आधी चार-सहा महिने मेहनत करायलाच हवी. पण महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे फाकदिंगच्याही हजारभर मीटर खाली. तिथे शंभरदा चढूनही विरळ हवेशी गाठ पडत नाही. उलट दणकट माणसाला वेगाने चढता येतं, आणि वेगाने चढणं हाच धोका आहे. फेरिचेच्या पाहणीत तरुणांना जास्त त्रास झाला, तो कदाचित याचमुळे. दुसरा आक्षेप याच्या जोडीचा. अमका आठ दिवसांत जाऊन आला आणि त्याला काही झालं नाही. खरं असेल. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, काहींना उंची लवकर मानवते. अडचण एवढीच, की आपण त्यांपैकी आहोत का, हे घरी बसून खात्रीने सांगणारी चाचणी नाही. म्हणून समूहाचं वेळापत्रक सगळ्यात सावकाश सवय होणाऱ्याच्या हिशेबाने आखावं लागतं. शेर्पांचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तिबेटी वंशाच्या लोकांत हजारो वर्षांच्या निवडीतून काही जनुकीय बदल रुजले आहेत, आपल्यात ते नाहीत. आणि ओझं वाहणारे सगळेच शेर्पा असतात असंही नाही. त्यांच्यात खालच्या डोंगराळ भागातले राई, तमांगही असतात, त्यांना उंचीचा त्रास आपल्यासारखाच होतो. आपल्या घाईचा भार त्यांच्याही छातीवर पडतो.

तिसरा आक्षेप गोळीचा. डायमॉक्स घेतली की झालं, असं पुष्कळ जण मानतात. ही गोळी त्रास झाकते, हा समज चुकीचा आहे. ती मूत्रपिंडांचं तेच काम लवकर करवून घेते, म्हणून ती उपयोगी आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने, ॲलर्जीचा विचार करून घ्यायला हरकत नाही. पण ती जुळणीला मदत करते, जुळणीची जागा घेत नाही. गोळीच्या भरवशावर दिवस कापले तर तिने दिलेली सगळी सूट घाईतच खर्च होते. अलीकडे याहून मोठा युक्तिवाद ऐकू येतो. मे २०२५ मध्ये चार ब्रिटिश गिर्यारोहक लंडनहून निघून आठवड्याच्या आत थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्यांनी आधी श्वासावाटे घेतलेल्या झेनॉन वायूमुळे त्यांचा बोलबाला झाला. पण हे गिर्यारोहक त्याआधी कित्येक आठवडे घरी कमी प्राणवायूच्या तंबूत झोपत होते. त्यांनी वेळ वाचवला नाही, तो आधीच घरी मोजून दिला. माझ्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

चौथा आक्षेप हेलिकॉप्टरचा. काही झालंच तर उचलून नेतील, विमा काढलेला आहे. विमा काढलाच पाहिजे आणि हेलिकॉप्टरने अनेकांचे जीव वाचवले आहेत. पण ते उडतं दिवसाउजेडी आणि उघाडीत. खुंबूत दुपारनंतर ढग भरून येणं नेहमीचं, आणि उंचीचा आजार बहुधा रात्री बळावतो. गोरकशेपहून लोबुचे जेमतेम सव्वादोनशे मीटर खाली, फेरिचे नऊशे मीटर खाली आणि कित्येक तासांच्या चालीवर. अंधारात, गोठवणाऱ्या थंडीत, तोल गेलेल्या माणसाला तिथवर नेणं म्हणजे काय, याचा विचार विम्याच्या कागदावर सही करतानाच करायला हवा. संकटातून सोडवणारी सोय आहे म्हणून संकट ओढवून घेणं शहाणपणाचं नाही, आणि त्यासाठी वैमानिकाचा जीव पणाला लावणं न्यायाचंही नाही.

उरतो तो सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. रजाच तेवढी मिळते. मध्यमवर्गीय माणूस वर्षानुवर्षं पैसे साठवतो, साहेबाकडून कशीबशी दहा दिवसांची सुट्टी मिळवतो, त्याने काय स्वप्न सोडून द्यायचं? त्याने वाट बदलावी, चाल बदलू नये. आठवडाभर हाती असेल तर तेंगबोचेपर्यंत जाऊन परतावं. मठाच्या अंगणातून एव्हरेस्ट, ल्होत्से आणि आमा दब्लम एका नजरेत येतात, बेस कॅम्पवरून मिळत नाही ते दर्शन इथे ३,८६० मीटरवर मिळतं. लांगटांगचं खोरं आहे. तिथे साधारण दीड हजार मीटरवरच्या स्याफ्रुबेसीपासून चालायला सुरुवात होते आणि क्यांजिन गोम्पा ३,८७० मीटरवर, त्यामुळे चढ अंगवळणी पडत जातो. बेस कॅम्पच हवा असेल तर दोन वर्षांची रजा साठवून पंधरा-सोळा दिवस काढावेत, कारण लुक्लाचं विमान हवामानावर चालतं आणि एक-दोन दिवस हाताशी मोकळे ठेवावेच लागतात. ते नसले की परतीच्या तिकिटाची तारीख डोक्यावर बसते, आणि डोकं दुखत असूनही माणूस ‘काही नाही, जरा थकलोय’ म्हणत वर चालत राहतो. वाटेवर लपवलेली डोकेदुखी हा घाईचाच एक परिणाम आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला काही प्रश्न विचारावेत. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं आहे? नामचे आणि दिंगबोचेला दोन-दोन रात्री आहेत का? हवामानासाठी मोकळे दिवस किती? एकाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली उतरायला वेगळा माणूस आहे, की सगळा गट त्याच्यामुळे अडेल? भारवाहकांना पुरेसे गरम कपडे आणि विमा आहे का, आणि तेही आजारी पडले तर त्यांना कोण सांभाळणार? ज्याच्याकडे यांची सरळ उत्तरं आहेत त्याचे चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत. ‘आमच्याकडे आठ दिवसांत होतं’ असं जो अभिमानाने सांगतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा. मराठी ट्रेकरने किल्ल्यांच्या वाटांवर शिस्त, काटकसर आणि एकमेकांना सांभाळून नेण्याची रीत कमावली आहे. तीच रीत खुंबूत पाळायची तर वेळापत्रकातले दोन थांबे हट्टाने राखायला हवेत, आणि ते राखणं जमत नसेल तर त्या वर्षी दुसरं खोरं निवडायला हवं.